बसलेली भुतं

ताकाचं पातेलं काढायला परवा दुपारी फ्रिज उघडला, तर दाराच्या वरच्या कप्प्यात, जिथं लोक अंडी ठेवतात आणि आमच्या घरात लिंबं असतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पांढरा गोळा सापडला. मला वाटलं खवा. झरीहून अक्का येताना आणते तसला. नखानं टोकरून जिभेवर ठेवणार, तेवढ्यात वास आला, चपलांच्या नव्या खोक्यातून येतो तसला, आणि मी स्वतःलाच म्हणालो, शंकरअप्पा, थांबा. मागच्या उन्हाळ्यातली माती खायला निघालात तुम्ही.

माती म्हटलं की माझी मुलगी रागावते. “माती न्हाई पप्पा, पॉलिमर क्ले.” शिवानी तिचं नाव. आता ती लातूरला असते, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला, आणि रविवारी फोनवर मला विचारते की जेवलात का, कूलरमध्ये पाणी टाकलं का. म्हणजे आता आई तीच झाली आहे आणि मी लेकरू. गोळा तिचाच. जाताना विसरली असेल, किंवा मुद्दाम ठेवला असेल. काय की. मी तो परत पिशवीत घातला आणि लिंबांच्या शेजारी ठेवून दिला.

परभणीचा उन्हाळा दरवर्षी येतो आणि दरवर्षी तेच करतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, माठाला ओलं फडकं गुंडाळायचं, दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून गल्ल्यापाशीच आडवं व्हायचं. माझं दुकान कापडाचं. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, मॅचिंग. मे महिन्यातल्या दुपारी बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. रिक्षावाले कडुलिंबाच्या सावलीत रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय वर करून झोपतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं म्हणून बाहेरचे लोक हसतात, हसू द्या. त्यांनी इथला मे काढलेला नसतो. मी अख्खा जन्म इथले मे काढले आणि एकालाही दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नाही. फक्त मागचा तेवढा वेगळा राहिला आहे. तो मला अजून कळलेला नाही. लिहिलं की कळतं असं म्हणतात, म्हणून लिहायला बसलोय. बघू.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या मार्गशीर्षात माझी बायको गेली. मंगल. शिवानी तेव्हा दहावीला. आई गेली त्या दिवसापासून पोरीच्या तोंडून ‘मम्मी’ हा शब्द गेला. रडली नाही असं नाही, रडली असेल, पण माझ्यासमोर नाही. शाळेत गेली, क्लासला गेली, पेपर दिले. कसा गेला विचारलं की “बरा.” आईच्या कपाटातलं काही लागलं तर म्हणायची, “त्या कपाटातलं.” आईची साडी म्हणजे “ती साडी.” माणूस काढून टाकलेलं बोलणं. पाव्हणेरावळे यायचे आणि म्हणायचे, पोरगी लय खंबीर हाय हो तुमची. मला त्या खंबीरपणाची भीती वाटायची. मला बाकी काही नको होतं. पहिला नंबर नको, डॉक्टरकी नको. पोरीनं एकदा आईचं नाव काढावं, माझ्याजवळ काढावं, एवढंच हवं होतं, आणि ते कसं मागावं ते मला समजत नव्हतं. गिऱ्हाईक काय मागतंय ते मी त्याच्या तोंडावरून ओळखतो. घरातलं माणूस काय मागतंय ते मला तोंडाकडं दिवसभर बघून कळेना.

पेपर संपले आणि शिवानीनं तो सिनेमा बघितला. कार्टूनचा. पण कार्टून म्हणावं तर त्यात भुतं. एक मुलगी वाट चुकते आणि मेलेल्यांच्या बाजारात जाऊन पोचते. तिथं सगळेच मेलेले. कवट्यांची तोंडं, मोठाले डोळे, पोटाच्या जागी पोकळी, आणि त्या पोकळीत एकेक दिवा लावलेला. शिवानीनं तो एकदा बघितला, परत बघितला, मग रोजच बघायला लागली. एक दिवस मी म्हणालो, मला पण दाखव. ती म्हणाली, “बघा.” मी शेजारी बसलो. मला व्यापारी माणसाला पहिला प्रश्न पडला तो असा की मेलेल्यांना वांगी कशाला लागतात?

“पप्पा, गप बघा की.”

गप बघितलं. एक मेलेली बाई वांग्यांचा भाव करत होती आणि विकणारा मेलेला परवडत नाही म्हणत होता. मला हसू आलं. शिवानी हसली नाही. पुढं एका ठिकाणी त्या मुलीचा दिवा विझता विझता राहतो, तिथं मी डोळे पुसायला लागलो, तर शिवानी खुदकन हसली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सिनेमा संपल्यावर मला एवढंच कळलं की आम्ही दोघांनी दोन वेगळे सिनेमे बघितले.

मग कुरियरनं खोकं आलं. त्यात रंगीत वड्या. बर्फीसारख्या कापलेल्या, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात. हात लावला तर मेणासारखं, वासाला प्लॅस्टिक, दाबलं तर कणीक. “वाळत न्हाई का ही?” “न्हाई.” “मग घट्ट कशी होते?” “भाजायची.” कुंभाराची भट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली. “न्हाई पप्पा. केकपेक्षा कमी आचेवर.” वाऱ्यानं वाळत नाही, पाण्यात विरघळत नाही, चुलीत टाकली तर जळते, आणि तरी तिला माती म्हणायचं. मी पुष्कळ कापडं बघितली आहेत जी रेशीम म्हणून विकतात आणि रेशीम नसतात, पण त्यांच्या बाबतीत निदान ती काय आहेत ते आम्हाला माहीत असतं.

त्यात आपला उन्हाळा. ती क्ले परभणीच्या मे महिन्यासाठी बनवलेलीच नसावी. हातात घेतली की ती चिखलासारखी व्हायची, नाक करायला गेलं तर नाक ओघळून हनुवटीला लागायचं. म्हणून वड्या फ्रिजमध्ये गेल्या. लिंबांच्या जागी कवट्या, दह्याच्या शेजारी हातपाय. शिवानी बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायची, पुसायची, मग एक डोळा करायची, परत बोटं बुडवायची. जुन्या फरशीचा तुकडा तिनं पाट म्हणून घेतला होता. चपात्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा आत, वरून क्ले. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई, दात कोरायची काडी, पेनाचं टोपण. तासंतास. जेवायला हाक मारली की “आले,” आणि यायची नाही.

मी जवळ गेलो की म्हणायची, “पप्पा, लांबून.” मला आधी वाईट वाटलं. मग तिनं दाखवलं. पांढऱ्या क्लेला धूळ चिकटते, आणि माझ्या अंगावर दुकानातला कापूस. शर्टवर, हाताच्या केसांवर, भुवयांवर. तिनं केलेल्या एका कवटीच्या कपाळावर निळा धागा रुतलेला होता, पॉपलीनचा, मी लगेच ओळखला. तेव्हापासून दुकानातून आलो की आंघोळ, बनियन, लुंगी, आणि मगच तिच्या खोलीच्या दारात. देवघरात जायचं एवढं सोवळं मी कधी पाळलं नव्हतं. दारात उभं राहून मी बघायचो आणि ती मला बघू द्यायची. एवढी ओळख आमची उरली होती.

भांडण झालं ते ओव्हनवरून. दुपारी जेवायला घरी आलो तर स्वयंपाकघरात तो चपलांच्या खोक्याचा वास कोंडलेला. मंगलचा ओव्हन चालू. हा ओव्हन तिनं हौसेनं घेतला होता. दिवाळीच्या नानकटाया बाहेरच्या भट्टीवर पत्र्याच्या डब्यातून भाजून आणायच्या, तिथं रांगेत उभं राहायचं, ह्याचा तिला कंटाळा. ओव्हन आला आणि पहिल्या वर्षी सगळ्या नानकटाया खालून काळ्या झाल्या, तरी तिनं त्या गल्लीभर वाटल्या. लोकांनी खाल्ल्या पण. आता त्याच ओव्हनमध्ये, त्याच ट्रेवर, पाचसहा भुतं.

“हे काय करायलीस?”

“भाजायलेय.”

“ह्यात?”

“मग कशात?” ती म्हणाली. वर अगदी शांतपणे सांगितलं की आता ह्यात खायचं काही करता येणार न्हाई, क्लेचा धूर बसतो, पोटाला चांगला नसतो, नेटवर लिहिलंय.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत बसत नाही, पण शेवटी असं काहीतरी म्हणालो की हा कुणाचा ओव्हन हाय कळतं का तुला? ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, “कळतं. कोण करणार हाय आता नानकटाया? तुमी?”

मी तसाच, जेवलेलो नसताना, दुकानावर आलो. भर दुपारी. अर्धं शटर ओढून आत बसलो. ती खरं बोलली होती आणि मला राग येत होता. ओव्हन वाया गेला म्हणून राग आला, की ती ‘मम्मीचा’ म्हणाली नाही म्हणून, की एवढे महिने तो ओव्हन मी फडक्यानं झाकून ठेवला होता आणि तिनं फडकं काढलं म्हणून, ह्याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. संध्याकाळी घरी गेलो तर ताटावर ताट झाकून ठेवलेलं. पिठलं, भाकरी, आणि कांदा फोडून.

अक्का, माझी थोरली बहीण, झरीची. शेतीत राबलेली बाई, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडची म्हैस वळून बघावी. आंबे घेऊन आली. शिवानीच्या खोलीत डोकावली आणि तिथंच थबकली. खिडकीच्या फळीवर भुतं मांडलेली, एका ओळीत, पोटात पिवळे दिवे.

“अगं माय! हे काय मांडून ठेवलंस गं? घरात सुतकाचं वरीस हाय आन तू भुतं मांडायलीस?”

“सिनेमातली हायत, आत्या.”

“सिनेमातली सिनेमात ऱ्हाऊ द्यावी की. शंकर, पोरीवरून मीठमिरच्या उतरून टाक. बाहेरचं काहीतरी लागलंय.”

असं म्हणत अक्का जवळ गेली. वाकून बघितलं. आणि मग मी बघितलं की अक्काचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला, तिनं पदर पुढं ओढला, आणि त्या बोटभर भुतांपुढं ती हात जोडायच्या बेतात आली. मग भानावर येऊन माझ्याकडं वळली. “शंकर, ही बसल्यात बघ.”

एवढे दिवस दारात उभा राहून मी बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. सगळी बसलेली होती. मांडी घालून, पाठ ताठ, डावा हात मांडीवर, तळवा वर. एकूण एक.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आम्ही शिवाचे लोक, गळ्यात लिंग बांधणारे. माणूस गेलं की त्याला आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, मांडी घालून बसवतात. डाव्या तळव्यात त्याचं लिंग ठेवतात, जिवंतपणी पूजेला बसायचं तसंच. हार घालतात, भजन म्हणतात, आणि बसल्या डोलीतून नेऊन बसल्या जागीच मातीत ठेवतात. मंगलला आम्ही अशीच पुढच्या खोलीत बसवली होती. शिवानी समोर होती. किती वेळ होती, काय बघत होती, मला माहीत नाही. माझ्याकडं तेव्हा लोक येत होते आणि मी त्यांना पाणी विचारत होतो.

“सिनेमातले असेच बसलेले हायत का गं?” अक्कानं विचारलं.

“न्हाई. ते चालतात. बाजार करतात.”

“मग तू कामून बसवलंस?”

पोरीनं फळीकडं बघितलं. तिनं स्वतःसुद्धा ते आत्ताच बघितलं असं तिच्या तोंडावरून दिसलं. म्हणाली, “मेलेली माणसं बसतात ना, आत्या.”

आता ही शहरातली मुलगी. शेजाऱ्यांच्या घरातली तिरडी निघताना तिनं बघितली आहे, मैत्रिणींच्या आज्या-आजोबांना जाळल्याचं तिला ठाऊक आहे. डोक्याला सगळं माहीत. पण हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. हातांनी एकच मेलेलं माणूस बघितलं होतं. अक्कानं आंबे काढून ठेवले आणि निघाली. जाताना मला फाटकापाशी धरून हळूच म्हणाली, “शंकर, ती घरात ठेवू नको. एखाद्या चांगल्या दिवशी नदीत सोड.”

मी अडाणी नाही, पण मन चरकलं. आमचे स्वामी, म्हणजे आमच्याकडं पूजाविधीला येतात ते जंगम, दुकानावर आले होते तेव्हा त्यांना विचारून घेतलं. धोतरजोडी बघता बघता त्यांनी सगळं ऐकलं. मग गंभीरपणे विचारलं, “कच्ची हायत का भाजलेली?”

“भाजलेली.”

“मग पाण्यात कशी विरघळायची? विसर्जन व्हायचं न्हाई. तरंगून दुसऱ्याच्या घाटाला लागतील.” थोडा विचार करून म्हणाले, “लेकरू हाय. करू द्या.” आणि धोतरजोडी घेऊन गेले. करू द्या म्हणजे चांगलं आहे, की वाईट आहे पण इलाज नाही, हे विचारायचं राहून गेलं. मी वडीलधाऱ्यांकडून उत्तर घेऊन येतो तेव्हा माझ्याकडं आधीपेक्षा एक प्रश्न जास्तच असतो.

ती भुतं अजून त्या फळीवर आहेत. नदीत सोडली नाहीत. आता घरात मी एकटा, तर सकाळी फडकं फिरवताना त्यांच्यावरूनही फिरवतो. झोपतोही त्याच खोलीत; आधी त्यांच्याकडं पाठ करायची नको वाटायची, आता सवय झाली. परवा वीज गेली तेव्हा उकाड्यानं जीव नकोसा झाला होता आणि मी त्यांना म्हणालो, तुम्हाला बरं आहे. दुकानात कुणाला सांगितलं तर म्हणतील, शंकरअप्पा गेला कामातून.

पुन्हा त्या उन्हाळ्याकडं येतो. अक्का येऊन गेल्यावर शिवानीनं भुतं करणं थांबवलं आणि एकच बाहुली धरून बसली. पोटात दिवा नव्हता. कवटीही नव्हती, तोंड माणसाचं होतं, पण अजून नाक-डोळे नसलेलं. ती करायची आणि मोडायची. गोळा करून हाताखाली चेचायची, बर्फाच्या पाण्यात बोटं, पुन्हा सुरुवात. मला वाटलं तोंड जमत नसेल. तोंड अवघड असतं. मी दोन दिवस काही विचारलं नाही, कारण विचारलं तर ती हेही बंद करील अशी भीती. तोपर्यंत माझ्या मनानं घेतलं होतं की ही बाहुली बिघडवायची नाही. बाहुली बिघडली तर पोरीची वाट कायमची बंद. असं कुठं लिहिलेलं नाही, पण वाटत होतं, आणि मी शेवगा तोडायला झाडावर चढलेल्या माणसासारखा जपून पाय टाकत होतो.

त्या दुपारी वीज गेली. कूलर बंद, पंखा बंद, खिडकीतून नुसती आग. क्ले पातळ होऊन तिच्या बोटांना चिकटायला लागली. मी आंघोळ करून, लुंगी-बनियनवर, पहिल्यांदाच न विचारता खोलीत जाऊन खाली फरशीवर बसलो आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलो. तिला आणि बाहुलीला. तिनं लांब व्हा म्हटलं नाही.

“काय होईना गं?”

“निजतच न्हाई.”

“कोण?”

“मम्मी.”

माझा पुठ्ठा थांबला. एवढे महिने वाट बघितलेला शब्द आला होता. मी परत वारा घालायला लागलो, जोरात. फरशीवर बघितलं. बाहुली कुशीवर ठेवलेली होती, पाय पोटाशी घेतलेले, पण कंबर तेवढी वळत नव्हती, पाठ ताठच राहायची, आणि मान वर. बसलेलं माणूस ढकलून आडवं पाडलं तर दिसेल तशी.

“तिला बसवत नव्हतं, पप्पा,” शिवानी म्हणाली. आणि मग थांबलीच नाही. “पाठीत दुखायचं तिच्या. लय दुखायचं. डॉक्टर म्हणाले हाडात गेलंय. शेवटी शेवटी पाणी पाजायला जरा उठवलं तर वरडायची. कुशीवर झाली की मग तेवढं बरं वाटायचं. तुमाला माहीत हाय की. आन मग तुमी सगळ्यांनी तिला बसवलं. मागून फळी लावून, बांधून बसवलं. एवढे लोक होते. एकजण म्हणाला न्हाई की हिची पाठ दुखते म्हणून. अजून बसलीच आसंल ना ती तिथं?”

मी तोंड उघडलं. गेल्यावर दुखत नसतं बाळा. ती शिवाच्या मांडीवर बसली आहे. ही दोन्ही वाक्यं तयार होती, लोकांनी मला दिलेली होती, मी पुढं द्यायची फक्त. पण ती माझ्या घशाखालीच कधी उतरली नव्हती, तर तिला काय देणार? आणि मग मी ते सांगितलं जे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अक्काला नाही, कुणालाच नाही.

“शिवानी, खड्ड्यात मी उतरलो होतो,” मी म्हणालो. “खाली आत कोनाडा खोदतात. त्यात बसवतात. मागं मोकळी जागा ऱ्हाते, ती बेलानं, विभूतीनं, मिठानं भरतात. दुसरं काही घालायचं नसतं. मी धोतराच्या घोळात एक गोधडी दडवून नेली होती. लहानी. तुझ्या पाळण्यातली. दुखायला लागलं की ती घडी करून पाठीला लावायची बघ ती, तीच. तुझ्या मम्मीच्या पाठीमागं खोचली मी. नीट. खालपर्यंत.”

शिवानीचे डोळे मोठे झाले. “स्वामींनी बघितलं न्हाई?”

“बघितलं.”

“मग?”

“तोंड फिरवून मोठ्यानं मंत्र म्हणायला लागले.”

मला वाटलं आता ती रडेल. रडली, पण तोंड वेडंवाकडं करून नाही, नुसतं पाणी आलं आणि तिनं ते दंडाला पुसलं, कारण हात क्लेचे होते. मीही रडलो. मी आवाज करून रडलो, लपवत नाही. बाहेर कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातलं लोढणं खडखडत गेलं. मी केलं ते बरोबर होतं का, धर्माला धरून होतं का, त्या चिंध्यांनी खरंच कुणाच्या पाठीला आराम पडला असेल का, मला तेव्हाही कळलं नाही आणि आता लिहूनही कळलेलं नाही. शिवानीनं बाहुली उचलली. मोडली नाही. पाय सरळ केले, मांडी घातली, आणि तिला फरशीवर बसती केली. मग तिच्या पाठीमागची रिकामी जागा करंगळीनं मोजली.

“कोणते रंग होते हो गोधडीत?” तिनं विचारलं.

रंग म्हणजे माझा धंदा. मी डोळे मिटले. “लाल होता. फाटक्या लुगड्याला दंड घालतात ते कापड. निळा, तुझ्या आजोबांच्या सदऱ्याचा. हिरवा होता, फिका. आन मधोमध पिवळा. मोठा चौकोन.”

“पिवळा नव्हता.”

“होता गं. मी दिलेला तुकडा हाय तो, दुकानातला.”

“तुमी दिला आसंल. तिनं लावला न्हाई. मम्मीला पिवळा आवडायचाच न्हाई, पप्पा.”

“कोण म्हणतं?”

“मम्मीच म्हणायची. पिवळ्यात मी आजारी दिसते म्हणायची.”

सबंध परभणीच्या बायकांना मी रंग काढून देतो. ह्या काठाला हा, त्या अंगाला तो, बाई बोलायच्या आत ठाण खाली. आणि लग्न झालं तेव्हापासून दर दिवाळीला मंगलला मी हळदी, लिंबू, आंबा, ह्यातलंच काहीतरी आणत आलो, दुसरं कुणी उचलायच्या आधी बाजूला काढून ठेवून. ती घडी उलगडून बघायची, हसायची, आणि पाडव्याला नेसायची.

“मग नेसायची कशाला?” मी विचारलं.

“तुमी आणलेली असायची म्हणून,” शिवानी म्हणाली, आणि हिरव्या गोळ्यात थोडा पांढरा घालून मळायला लागली.